घरच्या टेबलावरची इलेक्ट्रिक गिटार

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात नुकतेच एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र वाचनात आले. दहावीची परीक्षा आटोपली की पालक हौसेने मुलांना इलेक्ट्रिक गिटार, अँप्लिफायर आणि आवाज बदलण्यासाठी पायाने दाबायची पेडल घेऊन देतात, त्यात हजारो रुपयांचा चुराडा होतो, शेजाऱ्यांची झोप उडते आणि वर्ष संपायच्या आत सगळे सामान माळ्यावर जाते, अशी त्यांची तक्रार होती. त्यातला माळ्याचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. आमच्याच सोसायटीत अशी दोन-तीन घरे मला दाखवता येतील. परंतु हे साहित्य दुकानातून तयार विकत आणायचे असते आणि बिघडले की टाकून द्यायचे असते, असे जे त्यांनी न सांगता गृहीत धरले आहे, त्याविषयी चार गोष्टी लिहाव्यात असे वाटले, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी स्वतः गिटार वाजवत नाही. बँकेत नोकरी करते. माझ्या सासऱ्यांचे सीताबर्डीला रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते, ते त्यांनी वयोमानाने बंद केले आणि दुकानातले टेबल, सोल्डरिंग गन, मल्टिमीटर आणि सुट्या भागांनी भरलेले असंख्य डबे घरी आणले. कॉलेजात जाणारी मुलगी गिटार वाजवते. या दोघांमुळे गेली काही वर्षे आमच्या मागच्या खोलीत गिटारची पेडल बनतात, तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे पिकअप गुंडाळले जातात, जुने अँप्लिफायर उघडले जातात, आणि त्या कामात यजमान व मी असे दोघेही आपापल्या परीने ओढले गेलो आहोत. हा छंद वर्गात फी भरून शिकायचा छंद नव्हे; तो एका घराने मिळून करायचा उद्योग आहे, आणि आपल्याकडच्या घरांना तो अगदी परवडण्याजोगा आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

या साहित्याचा इतिहासच मुळी दुरुस्तीच्या दुकानांतून आणि घराच्या मागच्या शेडमधून सुरू होतो. लिओ फेंडर यांनी १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले होते. गिटारवादक आपले बिघडलेले अँप्लिफायर त्यांच्याकडे आणू लागले आणि त्यातून पुढे जगप्रसिद्ध गिटार तयार झाल्या. खुद्द फेंडर यांना गिटार वाजवता येत नसे, याचा मला व्यक्तिशः फार आधार वाटतो. मार्शल कंपनीच्या १९६२-६३ मधल्या पहिल्या अँप्लिफायरचे नाव जेटीएम ४५ असे आहे, त्यातले जे आणि टी म्हणजे लंडनचे दुकानदार जिम मार्शल आणि त्यांचा मुलगा टेरी. तो अँप्लिफायरही फेंडर यांच्या एका अँप्लिफायरचे सर्किट समोर ठेवूनच बनवलेला होता, म्हणजे दुसऱ्याचे उघडून पाहणे हा या क्षेत्रातला पहिल्यापासूनचा रिवाज आहे.

तथापि कुटुंबाने मिळून केलेल्या कामाचे सर्वांत ठळक उदाहरण क्वीन या इंग्लिश बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांचे. १९६३ साली ते सोळा वर्षांचे होते, हवी ती गिटार विकत घेण्याची ऐपत घरात नव्हती, म्हणून त्यांनी आणि त्यांचे वडील हॅरॉल्ड यांनी ती घरीच बनवायला घेतली. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते आणि हाताचे पक्के कारागीर होते. गिटारची मान एका जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून कोरली, त्या लाकडाला वाळवीसारख्या किड्याने पाडलेली भोके काड्यापेटीतल्या काड्यांनी बुजवली, पट्टीवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे घेतली आणि सूर लववण्याच्या दांडीच्या टोकाला आईचीच विणकामाची सुई बसवली. त्या दांडीला परत जागेवर आणण्यासाठी एका जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा वापरल्या. पिकअपसुद्धा त्यांनी लोहचुंबक आणून घरीच गुंडाळले होते. तार बोटाने आडवी ओढली की त्यातून खरखर येई, म्हणून शेवटी बर्न्स कंपनीचे तीन पिकअप विकत घेतले, पण तेही जसेच्या तसे न बसवता आतल्या पोकळीत अराल्डाइट भरून. सुमारे दोन वर्षे चाललेले हे काम आहे, आणि पुढे आयुष्यभर, अगदी मोठमोठ्या मैदानांतल्या कार्यक्रमांतही, ब्रायन मे तीच गिटार वाजवत आले आहेत. त्याच बँडचे बासवादक जॉन डिकन यांनी रस्त्यावर टाकून दिलेल्या सामानात सापडलेल्या एका सर्किट बोर्डपासून बॅटरीवर चालणारा छोटा अँप्लिफायर बनवला, तोही त्यांच्या ध्वनिमुद्रणांत वापरला गेला. त्या बोर्डवर जर्मेनियमचे, म्हणजे सिलिकॉनच्या आधीच्या काळातले, ट्रान्झिस्टर होते.

या जर्मेनियम ट्रान्झिस्टरपाशी थोडे थांबायला हवे, कारण इथे आपल्या घरांचा थेट संबंध येतो. साठच्या दशकात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवायला सुरुवात केली आणि त्यानंतर कित्येक वर्षे आपल्याकडच्या खिशातल्या आणि टेबलावरच्या रेडिओंत एसी १२७ आणि एसी १२८ ही जोडी बसत असे. आवाज मुद्दाम फाटका, भरदार करणारे फझ फेस नावाचे जे पेडल लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ साली बाजारात आणले आणि अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांनी गाजवले, त्याच्या सुरुवातीच्या काही नगांत हाच एसी १२८ होता. आज परदेशातले हौशी लोक तो शोधत फिरतात. आपल्याकडे तो आजोबांच्या बंद पडलेल्या रेडिओत, माळ्यावर, ट्रंकेच्या मागे पडलेला आहे, आणि दर दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याकडे किलोवर जातो.

फझ फेसचे सर्किट दहावीच्या मुलाला हाताने उतरवून घेता येईल इतके लहान आहे. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टन्स, तीन कंडेन्सर, दोन व्हॉल्यूम कंट्रोल आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. गोम ट्रान्झिस्टर निवडण्यात आहे. पहिल्याचा गेन, म्हणजे तो प्रवाह किती पट वाढवतो तो आकडा, साधारण ७० ते ८० आणि दुसऱ्याचा ११० ते १३० असावा, असा जाणकारांचा अनुभव आहे. मात्र जर्मेनियममधून थोडा प्रवाह बेसला, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या नियंत्रण करणाऱ्या पायाला, काही न देताही गळत असतो, त्यामुळे साध्या मल्टिमीटरवर दिसणारा गेनचा आकडा फुगलेला असतो. आधी गळती मोजायची, मग ती वजा करून खरा गेन काढायचा, हे सासऱ्यांनी मुलीला शिकवले. ट्रान्झिस्टर चिमटीत धरला की बोटांच्या उबेने काही क्षणांत काटा चढू लागतो, हे पाहिल्यावर तिला अर्धवाहकांचा धडा जसा कळला तसा तो पुस्तकातून कळला नव्हता, असे ती स्वतःच म्हणते. मे महिन्यातल्या नागपुरात हा प्रयोग उलटा होतो. दुपारी खोलीच अंगापेक्षा जास्त तापलेली असल्याने चिमटीत धरल्यावर काटा उतरतो.

उन्हाळ्याचा हा प्रश्न गमतीचा वाटला तरी तो खरा आहे. तापमान आठ-दहा अंशांनी वाढले की जर्मेनियमची गळती जवळपास दुप्पट होते, त्यामुळे दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायावर जो साडेचार व्होल्टच्या आसपासचा दाब राखायचा असतो तो सरकतो, आणि जानेवारीत गोड गुरगुरणारे पेडल एप्रिलमध्ये घसा बसल्यासारखे तुटक वाजू लागते. परदेशी आकृत्यांमध्ये तिथे ८.२ किलोओहमचा कायमचा रेझिस्टन्स असतो. आमच्या घरी त्या जागी लहानसा फिरवता येणारा प्रीसेट बसवला आहे आणि ऋतू बदलला की तो स्क्रू-ड्रायव्हरने किंचित फिरवला जातो. ज्यांना ही कटकट नको त्यांनी सिलिकॉनचा बीसी १०८ किंवा आपल्याकडे एक-दोन रुपयांना मिळणारा बीसी ५४७ वापरावा. तो उन्हाळा जुमानत नाही. फक्त आवाज जरा अधिक धारदार होतो आणि बॅटरीची जोडणी उलट करावी लागते.

घरातल्या वेगवेगळ्या वयाच्या माणसांना एकमेकांची खरोखर गरज लागेल असे छंद थोडे आहेत. बुद्धिबळात नातू जिंकू लागला की आजोबांचे काम संपते. इथे तसे होत नाही. वयपरत्वे कानाला वरच्या पट्टीतला आवाज कमी ऐकू येतो, त्यामुळे पेडलमधून येणारी बारीक शिटी सासऱ्यांना मुळीच ऐकू येत नाही. ती मुलीला ऐकू येते. पण ती शिटी इनपुटची आणि आउटपुटची वायर शेजारून नेल्यामुळे येते की कुठे ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सांधा, राहिल्यामुळे, हे तिने केलेल्या वर्णनावरून सासरेच सांगू शकतात. सोल्डर करताना त्यांचा हात आता कापतो, तेव्हा गन यजमानांकडे असते. माझ्याकडे वही असते, कारण कुठला कंडेन्सर काढून कुठला लावला हे लिहून ठेवले नाही तर दुसऱ्या रविवारी कोणालाच आठवत नाही. शिवाय टोन कंट्रोलवर ०.०२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बरा की ०.०४७ चा, असा वाद झाला की निकाल मी द्यायचा असा पायंडा पडला आहे. मला गिटारमधले काही कळत नाही, म्हणून माझे मत निःपक्षपाती धरले जाते.

पिकअप गुंडाळण्याचे कामही असेच वाटून होते. फेंडरच्या पद्धतीच्या एका पिकअपवर केसाएवढ्या बारीक, म्हणजे सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे आठ हजारांच्या आसपास वेढे असतात. हे ऐकून घाबरायला होते, परंतु आपल्या प्रत्येक गावात मोटर वाइंडिंगचे दुकान असते आणि तिथे हाताने फिरवायचे, वेढे मोजणारे यंत्रही असते. असे एक जुने यंत्र आमच्याकडे आहे. एकाने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने तार दोन बोटांत सैलसर धरून डावीकडून उजवीकडे न्यायची. तार जरा ओढली गेली तर तुटते, फार सैल राहिली तर तयार झालेला पिकअप मोठ्या आवाजाला शिट्या मारतो. वेढे झाले की गुंडाळी मेणात बुडवून आतली हवा काढायची असते. ते मेण विस्तवावर थेट कधीही तापवू नये. पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून, पासष्ट अंशांच्या आसपास, समोर उभे राहूनच वितळवावे. हे काम स्वयंपाकघरातले असल्यामुळे ते माझ्या देखरेखीखाली होते. सर्किट बोर्डवरचे तांबे खाणारे फेरिक क्लोराइड मात्र मी स्वयंपाकघरात येऊ देत नाही. ते स्टीलचे सिंकही खाते आणि त्याचे डाग जन्मात जात नाहीत.

पत्रलेखकांच्या खर्चाच्या मुद्द्याविषयी एवढेच सांगते की साध्या पेडलमध्ये सर्वांत महाग गोष्ट म्हणजे पायाने दाबायचे फूटस्विच आणि धातूचा डबा. आतले भाग एका कुटुंबाच्या हॉटेलातल्या जेवणाहून स्वस्त पडतात. डबा अॅल्युमिनियमचा घ्यावा, कारण घरातला स्टीलचा डबा भोक पाडताना ड्रिलचे पाते खातो. सुट्या भागांसाठी मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहे, पुणेकरांना बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहे. झोपमोडीच्या मुद्द्यावर मी पूर्णपणे शेजाऱ्यांच्या बाजूची आहे. एलएम ३८६ नावाची आठ पायांची एक साधी आयसी मिळते, तिच्यावर नऊ व्होल्टच्या बॅटरीवर अर्ध्या वॅटच्या आसपासचा अँप्लिफायर होतो, आणि तिच्या पहिल्या व आठव्या पायामध्ये दहा मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर लावला की तिचा गेन वीसवरून दोनशेवर जातो. फ्लॅटमधल्या खोलीला एवढा आवाज पुरून उरतो.

आता जो मुद्दा त्या पत्रात नव्हता आणि असायला हवा होता, तो धोक्याचा. वर सांगितलेले सगळे काम नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, त्यात शॉक बसण्याचा प्रश्न येत नाही. गरम गनचा चटका, सोल्डरमधले शिसे आणि फ्लक्सचा धूर एवढ्यांपासून सांभाळायचे, खिडकी उघडी ठेवायची आणि जेवणाआधी हात स्वच्छ धुवायचे. परंतु व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारे, जुने अँप्लिफायर ही वेगळी जात आहे. त्यांच्या आत तीनशे ते साडेचारशे व्होल्टपर्यंत डीसी दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहतो. इंटरनेटवरचे चित्रफीत पाहून असा अँप्लिफायर कोणीही उघडू नये, मग तो मुलगा इंजिनीअरिंगच्या कितव्याही वर्षाला असो. आमच्या घरी तो फक्त सासरे उघडतात, एक हात पाठीमागे ठेवून, आणि कंडेन्सर रिकामे करून मीटरवर शून्य पाहिल्याखेरीज दुसऱ्या कोणी टेबलाजवळ यायचे नाही असा नियम आहे.

त्याहून मोठा धोका आपल्या भिंतीतच असतो, तो म्हणजे नसलेले अर्थिंग. गिटारच्या तारा ब्रिजमधून एका वायरने सर्किटच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. तारांना हात लावला की घुमणारा पन्नास हर्ट्झचा आवाज कमी होतो तो त्यामुळेच. म्हणजे वादकाची बोटे अँप्लिफायरच्या धातूच्या चौकटीलाच टेकलेली असतात असे समजावे. अँप्लिफायरचे किंवा समोरच्या माईकच्या उपकरणाचे अर्थिंग तुटलेले असेल आणि त्यात बिघाड झाला, तर गिटार हातात धरून माईकला ओठ लावणाऱ्याच्या शरीरातून वीज वाहते. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचे गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली स्वान्सी इथे भर कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून मरण पावले. आपल्याकडे गणेशोत्सवात मंडपाच्या खांबाला बांधलेल्या दोन पिनांच्या एक्स्टेंशनवर आख्खा ऑर्केस्ट्रा वाजतो, पाऊस चालू असतो, आणि गायकाला माईकचा ‘झटका’ बसला की सगळे हसतात. घुमण्याचा आवाज जावा म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे वादक मी स्वतः पाहिले आहेत. घुमणे घालवायचे असेल तर गिटारच्या आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी लावावी किंवा दोन गुंडाळ्यांचा हंबकर पिकअप बसवावा, जो गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी पंचावन्न सालच्या सुमारास नेमका याच कामासाठी तयार केला; अर्थची पिन मात्र कधीही तोडू नये. ज्या घरात हा छंद सुरू होईल तिथे आधी चांगला इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. मिक्सर आणि गीझर वापरणाऱ्यांचेही त्यात भलेच आहे.

माझी एक सूचना आहे. आपल्या बहुतेक जिल्ह्यांत शासकीय तंत्रनिकेतने आणि आयटीआय आहेत, त्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळांत ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर, चांगले पॉवर सप्लाय अशी यंत्रे आहेत आणि सुट्ट्यांत त्यांना कुलूप असते. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दर रविवारी काही तास त्या माफक शुल्क घेऊन उघड्या ठेवाव्यात, प्रयोगशाळा साहाय्यकांना त्याचे मानधन द्यावे, आणि प्रवेश एकट्या मुलाला न देता घरातल्या दोन वेगवेगळ्या पिढ्यांच्या माणसांना मिळूनच द्यावा. आपण बनवलेल्या पेडलमध्ये शिरणारी गोलाई असलेली लहर बाहेर पडताना डोक्यावर सपाट कापली जाते, हे ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पाहायला मिळाले तर मुलांना तर आवडेलच, पण त्यांच्या आयांनाही आवडेल. नागपुरात रमण विज्ञान केंद्रानेही याचा विचार करायला हरकत नाही.

आपल्याला विनंती अशी की रविवारच्या पुरवणीत पाककृतीला जेवढी जागा देता तेवढीच महिन्यातून एकदा एका छोट्या सर्किटला द्यावी. आकृती छापताना ट्रान्झिस्टरचे पाय वरून पाहून दाखवले आहेत की खालून, हे चित्राखाली अवश्य लिहावे, आणि बॅटरीचे कोणते टोक ग्राउंडला आहे हे ठळक छापावे. एसी १२८ च्या जुन्या सर्किटमध्ये ते धन असते आणि बीसी ५४७ च्या सर्किटमध्ये ऋण. पहिल्या काही आकृत्या हाताने काढून द्यायला माझे सासरे तयार आहेत. त्यांचे अक्षर फक्त मला लागते, तेव्हा आकडे मी शेजारी पुन्हा लिहून पाठवीन.

आपली विश्वासू,
एक वाचक, नागपूर